मुलीने विचारलं "आपण नक्की कुठले?" आणि मला उत्तर देता आलं नाही

शाईचा_डाग

मागच्या आठवड्यात लेकीला शाळेचा एक तक्ता भरायचा होता. नाव, वय, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा वगैरे झाल्यावर शेवटचा रकाना होता 'तुमचा सांस्कृतिक वारसा'. चौदा वर्षांची आहे ती. तिने सहज विचारलं, आई आपण नक्की कुठले गं? मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाबांची बदलीची नोकरी, त्यामुळे माझ्या सहा शाळा झाल्या, लग्नानंतर देश बदलला, नवऱ्याची भाषा वेगळी, घरात आम्ही दोघांचीही नसलेली तिसरीच भाषा बोलतो, आता यातलं काय लिहायचं त्या रकान्यात? शेवटी तिने तो कोरा सोडला आणि झोपायला गेली. मी रात्री दोनपर्यंत जागी.

कपाटात माझ्या आजीच्या पत्रांचा गठ्ठा आहे. चाळीसेक पत्रं असतील. मला वाचता येतात, लेकीला नाही, कारण लिपीच शिकवली नाही मी तिला. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगते पण ते खरं नाही. गरज वाटली नाही, हे खरं आहे.

तर माझं मत मांडते, पटलं नाही तर बिनधास्त सांगा. वारसा ही काही सणासुदीला बाहेर काढायची वस्तू नाही, माणूस उभा राहतो तो त्यावर. तो मिळाला नाही की आत एक जागा रिकामी राहते आणि ती आयुष्यभर टोचते.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास मुलांना वीस प्रश्न विचारले होते, आईबाबा कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, घरात काय संकटं येऊन गेली, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास जास्त, आणि आपल्या आयुष्यावर आपला थोडाफार ताबा आहे ही भावनाही जास्त. त्यातलं मला सगळ्यात भिडलं ते हे, की घराची गोष्ट 'आपण किती थोर' अशी सांगण्यापेक्षा 'कधी वर आलो, कधी पार आपटलो, पण एकमेकांना धरून राहिलो' अशी सांगितली तर ती मुलांना जास्त बळ देते असं ड्यूक म्हणतात. माझ्या लेकीला यातली एकही गोष्ट मी सांगितलेली नाही. ना वरची, ना आपटल्याची.

उंबरठा

ताई, तुमची तळमळ समजते पण मत अजिबात पटलं नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्या वीस प्रश्नांबद्दल बोलताय त्यात खुद्द ड्यूक यांनीच सांगितलंय की नुसती उत्तरं पाठ करून घेतली तर मुलांना काही फायदा होणार नाही. ज्या घरात लोक एकत्र बसतात, बोलतात, मुलांचं ऐकून घेतात, त्या घरात अशा गोष्टी आपोआप कानावर पडतात. म्हणजे बळ गप्पांनी दिलं, वंशावळीने नाही. लेकीशी रोज अर्धा तास मनापासून बोलत असाल, कशाबद्दलही, तर तिला तेवढंच बळ मिळणारे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'आपलं' वाटायला माणसाला शेकडो वर्षांचा वारसा लागतच नाही. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर प्रयोग केले, १९७१ मध्ये ते छापून आले. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयाची. त्यांना सांगितलं की तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली आणि तुम्हाला कँडिन्स्कीची, म्हणून हे तुमचे दोन गट. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. कोण आपल्या गटात आहे हे मुलांना माहीतही नव्हतं. तरी पैसे वाटायला दिल्यावर त्यांनी 'आपल्या' गटाला झुकतं माप दिलं, इतकंच नाही तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत असं वागली. काही मिनिटांत तयार झालेलं 'आपण'! मग पिढ्यान्पिढ्या मुरवलेलं 'आपण' काय करू शकतं याचा विचार करा. आणि हा ताजफेल स्वतः पोलिश ज्यू होता. फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत सापडला आणि पोलिश असल्याचं लपवलं म्हणून वाचला, घरचे जवळजवळ सगळे मारले गेले. 'तू नक्की कुठला' या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं तर तो राहिला नसता.

लेकीने रकाना कोरा सोडला ना, चांगलं केलं. मला तर ती त्या वर्गातली सगळ्यात मोकळी मुलगी वाटते.

बिनआडनावी

उंबरठा यांच्याशी बराच सहमत, पण मी वेगळ्या बाजूने आलोय.

मला कुणी आडनाव विचारलं की समोरच्याच्या डोक्यात एक फाईल उघडताना मला दिसते. माझ्या आजोबांना जो 'वारसा' मिळाला त्यात कुठे बसायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, कुणाची सावली कुणावर पडू द्यायची नाही याची यादी होती. तोसुद्धा सांस्कृतिक वारसाच, हजारो वर्षांचा, नीट जपलेला, पिढी दर पिढी न चुकता पोचवलेला. त्यामुळे 'वारसा माणसाला उभं करतो' हे वाक्य वाचलं की मी विचारतो, कुणाला?

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की जन्म हिंदू म्हणून झाला, तो हातात नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह दीक्षा घेतली. माझ्या घरातली माणसं ताठ चालायला लागली ती वारसा जपून नाही, तो टाकून. आमची ओळख तिथून सुरू होते. ताई, तुम्हाला रिकामी जागा टोचते, आम्हाला ती जागा रिकामी करायलाच काही पिढ्या लागल्या. राग तुमच्यावर नाहीये, पण हे बोलल्याशिवाय चर्चा अर्धवट राहिली असती.

तिसरी_घंटा

बिनआडनावी, तुमचा एक शब्दही खोडत नाही. फक्त एक गोष्ट विचारात घ्या असं म्हणेन. १९३५ ते १९५६, मध्ये एकवीस वर्षं गेली. एवढा काळ का घेतला त्यांनी? नुसतं सोडायचंच असतं तर दुसऱ्या दिवशी सोडता आलं असतं. या काळात त्यांनी धर्म तपासले, इतिहास उकरला, १९४८ मध्ये तर सविस्तर मांडणी केली की अस्पृश्य ठरवलेले लोक मूळचे बौद्ध होते. म्हणजे ज्याला या देशात वारशाने सगळ्यात जास्त जखमा दिल्या त्या माणसानेही आपल्या लोकांना कोऱ्या पाटीवर नाही उभं केलं, याच मातीतला अडीच हजार वर्षं जुना वारसा शोधून दिला. त्यांना नक्की कळलं होतं की माणसाला मागे बघितल्यावर काहीतरी दिसावं लागतं. मला वाटतं हा मुद्दा शाईचा_डाग यांच्या बाजूने जातो.

बिनआडनावी

अर्धा जातो, अर्धा नाही. तो वारसा त्यांना पाळण्यात मिळाला नव्हता, त्यांनी निवडला, आणि निवडतानाही जसाच्या तसा उचलला नाही. चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीवर त्यांनी प्रश्न उभे केले, पुनर्जन्माचा वेगळा अर्थ लावला, वर स्वतःच्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या कित्येक तर 'मी अमुक मानणार नाही, अमुक करणार नाही' अशाच आहेत. निवडायचा हक्क, नाकारायचा हक्क आणि बदलायचा हक्क, हे तिन्ही हातात असले तरच वारसा माझा. नाहीतर तो बेडीसारखा असतो, कितीही जुना असो. 'मागे काहीतरी दिसावं लागतं' हे मान्य करतो, ते मला माझ्या आजोबांकडे बघूनच कळलंय. पण काय दिसावं हे मी ठरवणार, हे तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ नका.

वाटसरू७

इथे सगळे निवडायचं की नाही यावर बोलताय, पण ज्यांच्याकडून जबरदस्तीने हिसकावलं त्यांचं काय झालं ते पण बघा ना एकदा, मग उंबरठा यांचं 'कोरा रकाना म्हणजे मोकळेपणा' किती टिकतं ते कळेल.

कॅनडात मूळनिवासींची सुमारे दीड लाख मुलं निवासी शाळांमध्ये नेऊन ठेवली, भाषा बोलली की मार, केस कापले, नावं बदलली. शंभराहून जास्त वर्षं हे चाललं, शेवटच्या शाळा नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २००८ मध्ये सरकारने संसदेत माफी मागितली आणि २०१५ मध्ये सत्य आणि समेट आयोगाने याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. ही मुलं घरी परत गेली तेव्हा आजीशी बोलता येत नव्हतं आणि गोऱ्या समाजात कुणी घेत नव्हतं. हा झाला खराखुरा कोरा रकाना.

मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांचा १९९८ चा अभ्यास आहे, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मूळनिवासी वस्त्यांचा. तिथे तरुणांच्या आत्महत्या खूप होतात असं सरसकट बोललं जायचं. यांनी वस्तीनिहाय बघितलं तर निम्म्याहून जास्त वस्त्यांमध्ये त्या पाच-सहा वर्षांत तरुणांची एकही आत्महत्या नव्हती आणि थोड्याच वस्त्यांमध्ये प्रमाण भयानक होतं. फरक कशाचा होता, तर आपल्या संस्कृतीचा धागा सांभाळायची साधनं ज्या वस्त्यांकडे होती तिथे प्रमाण कमी. सहा खुणा धरल्या होत्या, सहाच्या सहा जिथे होत्या तिथे आत्महत्या शून्य. आता सांगा वारसा लागत नाही म्हणून.

उंबरठा

वाटसरू, हा अभ्यास मला माहीत आहे आणि तो वाचून मीही हललो होतो, पण त्या सहा खुणा कोणत्या ते सांगितलं नाहीत तुम्ही. स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक केंद्रं. सहातली एकच थेट संस्कृतीची! बाकी पाच म्हणजे आपल्या वस्तीचा कारभार आपल्या हातात असणं. माणसाला जगावंसं वाटतं ते आपल्या शब्दाला किंमत आहे म्हणून. बिनआडनावी हेच सांगतायत दुसऱ्या शब्दांत.

आणि निवासी शाळा भयंकर होत्या याबद्दल कुणाचं दुमत असणार? पण हिसकावून घेणं आणि आपणहून न घेणं या दोन गोष्टी एका तराजूत टाकू नका. या ताईंच्या लेकीकडून कुणी काही हिसकावलेलं नाही.

वाटसरू७

कारभार हातात आला की ते लोक पहिल्यांदा काय करतात हे बघा मग. शाळा हातात आली की आपली भाषा शिकवतात! त्याच संशोधकांचं डार्सी हॅलेट यांच्याबरोबरचं २००७ चं काम फक्त भाषेवर होतं, ज्या वस्त्यांमध्ये निम्म्या तरी लोकांना आपली भाषा बोलता येत होती तिथे तरुणांच्या आत्महत्या अगदी कमी किंवा नाहीतच. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांचं पण तेच. आजीआजोबांच्या पिढीला शाळेत भाषा बोलल्याबद्दल छड्या पडल्या म्हणून त्यांनी मुलांना ती शिकवली नाही, मुलांचं भलं व्हावं म्हणूनच शिकवली नाही. आणि १९८२ पासून त्याच आज्या 'कोहांगा रेओ' म्हणजे भाषेच्या घरट्यांमध्ये बसून नातवंडांना शिकवायला लागल्या. मधली पिढी कोरडी राहिली, आपल्याच आईचं आणि आपल्याच मुलाचं बोलणं कळत नाही अशी. १९८७ मध्ये ती भाषा देशाची अधिकृत भाषा झाली. आपणहून न घेणं म्हणता तुम्ही, पण लेकीला विचारलं होतं का कुणी घ्यायचं की नाही ते? पुढ्यातच आलं नाही तर ती नाकारणार तरी कशी?

शाईचा_डाग

वाटसरू, शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं ना. लागलं. पण खरं आहे.

दुसरं_दार

बरेच दिवस फक्त वाचतो, आज लिहितोय.

मी दत्तक आहे. जन्म कुठल्या घरात, कुठल्या भाषेत झाला, काही माहिती नाही, कागदावर तारीख सोडून काही नाही. लोक मला विचारतात तुझे 'खरे' आईबाबा कोण, तू 'मूळचा' कुठला. माझ्या आईने मला पहिल्या दिवसापासून तिच्या आजीच्या गोष्टी सांगितल्या, माझ्या पणजीच्या म्हणूनच सांगितल्या. पणजी रागीट होती, तिने एकदा भर पावसात घर सोडलं होतं आणि तीन दिवसांनी परत आली होती, मी चिडलो की आई म्हणते पणजीवर गेलास. रक्ताने शक्य नाही हे तिलाही माहीत, मलाही माहीत. तरी ते वाक्य ऐकलं की मला जे वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही.

म्हणून उंबरठा, तुम्ही म्हणता कशाबद्दलही बोला, चालेल. नाही हो, नाही चालणार. माझ्याशी खूप लोक खूप गोष्टींबद्दल बोलले. पण 'ही तुझी पणजी' असं म्हणून कुणीतरी एक माणूस माझ्या हातात ठेवलं, त्याची गोष्ट वेगळी आहे. आणि वाटसरू, तुमच्याशीही थोडं भांडण आहे, कारण तुटलेला धागा म्हणजे मरण असं तुम्ही म्हणालात तर माझा जन्मापाशीच तुटलाय, आणि मी ठीक आहे.

तिसरी_घंटा

दुसरं_दार, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचं वाचून मला होकुलेआ आठवली. ती हवाईतली होडी, जुन्या पद्धतीची, दोन सांगाडे जोडलेली. १९७६ मध्ये लोकांना सिद्ध करायचं होतं की त्यांचे पूर्वज होकायंत्राशिवाय, ठरवून, तारे आणि लाटा बघत हजारो किलोमीटर समुद्र पार करून आले होते, वाऱ्याने भरकटत नव्हे. होडी बांधली. पण ती तशी हाकणारा एकही माणूस हवाईत उरला नव्हता. शेवटी मायक्रोनेशियातल्या सातावाल नावाच्या इवल्याशा बेटावरून माऊ पिआइलुग यांना बोलावलं. वेगळं बेट, वेगळी भाषा, त्यांच्या पूर्वजांचा आणि हवाईचा थेट संबंध नाही. त्यांनी महिनाभरात कुठलंही यंत्र न वापरता ती ताहितीला नेली, किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. आणि मग त्यांनी ही विद्या हवाईतल्या पोरांना शिकवली, कारण त्यांच्या स्वतःच्या बेटावर शिकणारे कमी होत चालले होते. १९८० मध्ये नायनोआ थॉम्पसन या हवाईच्या माणसाने स्वतः होडी नेली आणि परत आणली.

आज हवाईचे लोक याला आपला वारसा म्हणतात आणि तो आहेच. पण मध्ये काही शतकांची फट होती आणि ती परक्या माणसाने भरली. तुमच्या आईसारखंच. मला तर असं वाटायला लागलंय की 'हा माझा वारसा' असं म्हणताना आपण पूर्वजांबद्दल बोलत असतो, पण 'मी इथला' असं वाटतं ते ज्याने शेजारी बसवून शिकवलं त्याच्यामुळे.

उंबरठा

होकुलेआचं उदाहरण सुंदर आहे. दुसरं_दार, तुमचं वाचून 'कशाबद्दलही' हा शब्द मागे घेतो, मी फार सहज वापरला तो.

पण माझी भीती जात नाही, आणि ती काल्पनिक नाही. वारसा शिकवणाऱ्यांच्या शेजारीच तो तपासणारे बसलेले असतात. तुझा उच्चार बरोबर नाही, तुझी आई आपल्यातली नाही, तुला हे शोभत नाही. आणि शुद्ध म्हणून जे तपासतात ते किती जुनं असतं? स्कॉटलंडमध्ये १७४६ नंतर डोंगराळ भागातल्या लोकांच्या पोशाखावर बंदी होती, ती उठली १७८२ मध्ये, आणि १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सगळा थाट मांडला, त्यानंतर प्रत्येक घराण्याचा वेगळा चौकटीचा कपडा ही कल्पना पक्की झाली. आज लोक त्यावरून आपलं घराणं सांगतात. त्यांना आपलं वाटतं हे खरं आहे, मी त्याला खोटं म्हणणार नाही. पण त्यावरून दुसऱ्याला 'तू नाहीस' म्हणायचा अधिकार कुठून आला? मला माझ्याच माणसांनी असं बाहेर काढलंय, लग्नावरून, सविस्तर लिहीत नाही. त्या दिवसापासून 'आपलं' हा शब्द मला जपून वापरावा लागतो.

बिनआडनावी

उंबरठा, हे वाचून तुमचे आधीचे प्रतिसाद आत्ता नीट कळले.

शाईचा_डाग

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. आत रिकामी जागा राहते असं मी सरसकट लिहिलं ते चुकलं, मी माझी अपराधी भावना सगळ्या जगाला लावली. बिनआडनावी आणि दुसरं_दार, तुमची माफी मागते. पण मुख्य मत सोडत नाही, फक्त ते आता लेकीबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त आहे. तिच्यात कमी काही नाही, माझ्याकडे द्यायला होतं आणि मी दिलं नाही. तिने ते घ्यावं, टाकावं, बदलावं, तिची मर्जी, पण पुढ्यात तरी ठेवायला हवं होतं.

काल रात्री गठ्ठा काढला. तिला म्हटलं मी वाचते, तू ऐक. पहिल्या पत्रात काही म्हणजे काही नव्हतं, तब्येत, पाऊस, कुणाचा तरी दात पडला. लेक म्हणाली, हा दात पडलेला कोण? आणि मला माहीत नाही! माझ्या आईला माहीत असतं, ती आता नाही. दुसरं पत्र मोठं आहे, त्यात आजी कुणावर तरी जाम चिडलीये, पण नेमकं कशावरून तो शब्दच लागत नाही, अक्षर इतकं गिचमिड आणि शाई पसरलेली. लेक भिंग घेऊन बसली होती, तिला लिपी येत नाही तरी, म्हणे हे अक्षर वरच्या ओळीतल्यासारखंच दिसतंय. तासभर बसलो, नाही लागला. उद्या दिवसाउजेडी फोटो काढून इथे टाकते, जुनं हस्ताक्षर वाचायची सवय कुणाला असेल तर बघाल का?

उंबरठा

टाका. माझे वडील असंच गिचमिड लिहायचे, लहानपणी त्यांचे सगळे कागद मीच वाचून दाखवायचो. मला लागेल बहुतेक.